खाच

कन्ना चौकातला जिना चढून, दहाच्या उन्हासकट
मल्लेशम वंगारी आत येतात. टोपी काढत नाहीत.
खुर्चीत टेकताना विचारतात,
"ते गुलाबी पीठ नाही का कोंबणार आज?"

नाही कोंबणार.
पंधरा वर्षं मीच कालवलं ते, रबरी वाटीत, अंदाजानं.
मे महिन्यात नळालाच इतकं कढत पाणी
की चमचा फिरेस्तोवर वाटीतच आळायचं,
म्हणून फ्रीजमध्ये एक बाटली वेगळी, वर चिठ्ठी: पिऊ नये.
लोकांना ओकारी यायची.
मी म्हणायचो, नाकानं श्वास घ्या, पायाची बोटं हलवा.
मग साचा, मग प्लास्टर, मग फळीवर जबडे,
बुडाशी पेन्सिलीनं नाव.
अर्धी साखर पेठ माझ्या फळीवर आ वासून होती.

आता हातात ही कांडी.
टोकाला आरसा, निळा उजेड.
हत्तुरे मॅडम म्हणाल्या, तुम्हीच शिका, हात हलका आहे तुमचा.
मला वाटलं होतं, काढूनच टाकतील.

शेवटच्या दाढेपासून निघायचं.
घाई केली की मशीन टुण्‌ करतं: सुटलं.
मग मागं यायचं, ओळखीच्या दातापाशी,
तिथून पुन्हा जोडून घ्यायचं.
ठिपक्याला ठिपका लागत जातो
आणि काळ्या पडद्यावर हळूहळू हिरडी उगवते.

वंगारींची मान पडद्याकडे वळते. तोंडात कांडी, तरी काही बोलतात.
मी कांडी काढतो.
"हा तर ग्राफ आहे बे."
"कसला?"
"चादरीचा. मोर काढायचा तर आधी चौकटी भरायच्या,
लाल पेन्सिलीनं. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याला भोकं.
एका मोराला अकराशे पुठ्ठे.
मागावरनं मला पंचिंगला घेतलं होतं, नजर चांगली म्हणून.
मग कॉम्प्युटर आला.
मालक म्हणाला, वंगारी, आराम करा."

एवढं सांगून ते पुन्हा आ करतात,
शाळेत नखं दाखवावीत तसे.

वरचा जबडा पुरा झाला.
मी तो फिरवतो, उलटा करतो, टाळूकडून बघतो,
जिथून आपलं तोंड आपण जन्मात पाहत नाही.
पुढच्या डाव्या दाताच्या कडेला
एक खाच. अर्धगोल, गुळगुळीत.
कीड नव्हे; कीड इतकं नीट कोरत नाही.
प्लास्टरमध्ये मी तिला बुडबुडा समजून
कदाचित लिंपून टाकलं असतं.

मॅडम म्हणतात, "मागं पूल बसवू, आणि हीही भरून घेऊ.
रंग जुळवून. कळणारसुद्धा नाही."

वंगारी बराच वेळ पडद्याकडे बघतात.
"धोट्याला डोळा असतो.
कांडी संपली की नवी घालायची,
दोऱ्याचं टोक त्या डोळ्यातनं ओठ लावून ओढायचं.
श्वासानं. हुप्प.
उरलेलं दातानं तोडायचं. ह्याच.
दिवसाला दोनशेदा धरा. बावीस वर्षं.
हिरवा दोरा कडू लागायचा."

कांडी.
माझ्या हातातली मी खाली ठेवतो.

"मागचं बसवा," ते म्हणतात. "हा राहू दे.
जीभ जाते तिथं, रात्री झोप नाही लागली की."

मॅडम काही बोलत नाहीत. फाइलवर एक ओळ खोडतात.
मी नाव टाइप करतो, जबडा पुण्याच्या लॅबला पाठवतो.
बाराव्या सेकंदाला गेलासुद्धा.

"आणि हे मशीन बिघडलं तर?"
"एक प्रत वर राहते, काका."
ते वर बघतात.
पंखा फिरत असतो, एक पातं वाकडं.

दारात चप्पल घालताना विचारतात,
"कडक भाकरी कधी?"
"पूल बसला की. दोनेक आठवडे."
"आणि शेंगाचटणी?"
ती आजपण चालेल, मी म्हणतो,
पुढच्या दातांनी, जरा सांभाळून.